टाकाऊ ठरलेला आवाज : वेस्टर्न इलेक्ट्रिकची यंत्रे आणि जपानी कान

१/ व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, कपाटाएवढे स्पीकर आणि जडशीळ टर्नटेबल यांच्या मागे लागलेल्या माणसाला ‘स्मरणरंजनात रमलेला’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. हे निदान सोपे आहे आणि बहुतांशी चुकीचे आहे. ज्या समाजाने या यंत्रांची थोरवी सर्वांत आधी ओळखली, त्याच्याजवळ त्यांच्या आठवणीच फारशा नव्हत्या. तो समाज म्हणजे युद्धोत्तर जपान. आणि ती यंत्रे म्हणजे अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने चित्रगृहांसाठी घडवलेली, पुढे अमेरिकेनेच टाकून दिलेली ध्वनियंत्रणा. #धागा

२/ या कथेचा आरंभ संगीतात नाही, टेलिफोनमध्ये आहे. ली डी फॉरेस्ट याने १९०६ मध्ये ‘ऑडिऑन’ नावाची काचेची नळी तयार केली. क्षीण विद्युतसंकेत मोठा करण्याचे सामर्थ्य तिच्यात होते. पण ती लहरी होती. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने तिचे हक्क मिळवले आणि हॅरल्ड अर्नोल्ड या संशोधकाने तिच्यातील निर्वात वाढवून तिला शिस्त लावली. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात टेलिफोनवरील संभाषणाचा औपचारिक प्रारंभ झाला, तो या नळ्यांच्या बळावर. वेस्टर्न इलेक्ट्रिक ही याच टेलिफोन-साम्राज्याची उत्पादन करणारी शाखा.

३/ माणसाचा आवाज हजारो मैल न बिघडवता पोहोचवण्याचे शास्त्र एकदा हाती आले, की तेच शास्त्र तबकडीवर आणि पडद्यामागे जाणे क्रमप्राप्त होते. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण व्यवहारात आले. तोवर गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून जोर लावून गावे लागे; आता मायक्रोफोन आला. ऑगस्ट १९२६ मध्ये ‘डॉन जुआन’ आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाले. या दोन्ही चित्रपटांमागची ध्वनियंत्रणा वेस्टर्न इलेक्ट्रिकची होती.

४/ इथे एक तपशील नीट पाहण्यासारखा आहे, कारण पुढचे बरेच काही त्यातून उलगडते. ही यंत्रणा विकली जात नसे. ‘इलेक्ट्रिकल रिसर्च प्रॉडक्ट्स’ या उपकंपनीमार्फत ती चित्रगृहांना भाडेपट्ट्याने दिली जाई, आणि देखभाल कंपनीचेच तंत्रज्ञ करत. टेलिफोनचाही तोच व्यवहार होता : यंत्र ग्राहकाच्या घरी, मालकी कंपनीची.

याचा परिणाम कारागिरीवर झाला. यंत्र विकणाऱ्याला ते काही वर्षांनी बिघडले तर फारसे दुःख नसते. उलट नवे खपते. यंत्र भाड्याने देणाऱ्याला मात्र प्रत्येक बिघाडाचा भुर्दंड स्वतः सोसावा लागतो. म्हणून या यंत्रांतील ट्रान्सफॉर्मर गरजेपेक्षा दणकट, तारा आखीवरेखीव, नळ्या दीर्घायुषी. आज संग्राहक ज्याला ‘त्या काळची सचोटी’ म्हणतात, तिच्यामागे सचोटीपेक्षा भाडेकरार अधिक होता. मक्तेदारीतून इतकी सुबक वस्तू निर्माण व्हावी हे काहींना रुचणार नाही, पण झाले ते असे.

५/ या यंत्रणेचा कणा म्हणजे ‘३०० बी’ ही नळी, १९३८ सालची. तिच्या आधीची भावंड ‘३०० ए’. अशी एक नळी वापरणारा अ‍ॅम्प्लिफायर साधारण ८ वॅट शक्ती देतो. आज घरच्या टीव्हीखाली ठेवलेल्या साउंडबारच्या खोक्यावरही याहून कितीतरी मोठा आकडा छापलेला असतो. आणि तरीही एवढ्या शक्तीवर लहान चित्रगृह आवाजाने भरून जाई.

६/ ते शक्य झाले कर्ण्यामुळे. स्पीकरचा पडदा थेट मोकळ्या हवेवर आदळला तर त्याची बहुतेक शक्ती वाया जाते; वजनदार हाताने पिसाला धक्का द्यावा तसे ते असते. कर्णा हा पडदा आणि हवा यांच्यातला मध्यस्थ. अरुंद गळ्यापासून हळूहळू रुंदावत जाणारी त्याची पोकळी हवेला पडद्याशी नीट जुंपते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ‘५५५’ या चालकयंत्राला असा कर्णा जोडला, की विजेचा चतुर्थांशाहून अधिक भाग ध्वनीत उतरे. घरगुती पेटीवजा स्पीकरमध्ये हे प्रमाण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास राहते. कर्ण्याचा व्याप मात्र मोठा. काही कर्णे शंखासारखे वळवलेले आणि माणसाहून उंच असत. शिवछत्रपतींच्या काळातील कर्णे आणि तुताऱ्या ठाऊक असलेल्या वाचकाला हे तत्त्व नवे वाटू नये.

७/ मग हे सारे मागे का पडले? तंत्रज्ञानाच्या इतिहासात ‘नवे आले कारण ते अधिक चांगले होते’ हे वाक्य इतक्या सहजतेने लिहिले जाते, की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही. इथे तपासले तर उत्तर कानात सापडत नाही, दिवाणखान्यात सापडते.

१९४८ मध्ये एलपी आली आणि संगीत दीर्घकाळ घरी ऐकणे शक्य झाले. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर याच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने ‘एआर-१’ हा बंद पेटीचा स्पीकर आणला. लहानशा पेटीतून खोल खर्ज निघे. मात्र त्याची किंमत शक्तीत मोजावी लागे. १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एका घरात एकाऐवजी दोन स्पीकर ठेवायची वेळ आली. दोन शंखाकृती कर्णे कोणत्या दिवाणखान्यात मावणार? पेट्या लहान झाल्या, त्यांची भूक वाढली आणि ती भागवायला ट्रान्झिस्टर सज्ज होताच.

८/ ट्रान्झिस्टरचा शोध लागला तो डिसेंबर १९४७ मध्ये, बेल प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा एटी अँड टी आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक यांनीच १९२५ मध्ये स्थापन केलेली. नळीला वाढवणारे आणि तिला निवृत्त करणारे घर एकच.

९/ याच प्रयोगशाळेतला आणखी एक शोध या वादात महत्त्वाचा आहे. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरल्ड ब्लॅक हा अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून कामावर निघाला होता. हाताशी असलेल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्याने एक कल्पना उतरवली : अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे त्याच्या चुका त्यालाच दुरुस्त करता येतात. ही ऋण-प्रतिपुष्टी. तिच्या जोरावर पुढे ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरांनी ध्वनिविकृती टक्क्याच्या शतांशापर्यंत खाली आणली आणि १९७० च्या दशकातल्या जाहिराती या आकड्यांनी भरून गेल्या.

१०/ आकड्यांच्या परीक्षेत ३०० बी हरते, आणि हे मान्य न करणारा संग्राहक स्वतःची फसवणूक करतो. प्रतिपुष्टीविना चालवलेली ही नळी पूर्ण शक्तीवर काही टक्के विकृती निर्माण करते. परंतु किती विकृती, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. कोणती, हेही विचारावे लागते. या नळीची विकृती मुख्यतः दुसऱ्या स्वरांशाची असते. म्हणजे मूळ स्वर मध्य सप्तकातला षड्ज असेल, तर तिची भर तार षड्जाची असते. तिसरा स्वरांश तार सप्तकातला पंचम. तो इथे क्षीणच असतो. तंबोऱ्याची एक तार छेडली असता हेच स्वरांश तिच्यातून आपोआप उमटतात. आपल्या कानाला ही भर परकी वाटत नाही, याचे कारण गूढ नाही. उलट, वरचे, विषम स्वरांश अत्यल्प प्रमाणात असले तरी कानाला टोचतात, आणि मोजणीचा एकत्रित आकडा हा फरक सांगत नाही.

तेव्हा ‘जुना आवाज अधिक खरा’ हा दावा टिकत नाही, आणि ‘जुना आवाज म्हणजे निव्वळ दोष’ हाही टिकत नाही. तो एका विशिष्ट गरजेतून, विशिष्ट मर्यादांत घडलेला आवाज आहे. शैलीला शैली म्हणून ओळखणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला अवघड जाऊ नये.

११/ आता जपान. तिथे संगीत ऐकण्याची एक आगळी संस्था होती : ‘किस्सा’, म्हणजे कॉफीगृह, त्यातही केवळ तबकड्या ऐकण्यासाठीचे कॉफीगृह. तोक्योच्या शिबुया भागातील ‘लायन’ हे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे कॉफीगृह १९२६ चे. १९४५ च्या बॉम्बवर्षावात ते जळाले आणि १९५० मध्ये पूर्वीच्याच धर्तीवर पुन्हा उभे राहिले. तिथे खुर्च्यांची तोंडे एकमेकांकडे नाहीत, भल्यामोठ्या स्पीकरकडे आहेत. गप्पा मारायला तिथे कुणी जात नाही. योकोहामातील ‘चिगुसा’ हे जॅझचे कॉफीगृह १९३३ चे.

१२/ युद्धानंतर या संस्थेला जोर आला तो दारिद्र्यामुळे. १९४९ ते १९७१ एका डॉलरला ३६० येन हा दर पक्का होता. परदेशी एलपी सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर होती, परदेशी स्पीकर तर स्वप्नातही नव्हता. एका पेल्याच्या किमतीत दोन-तीन तास तबकड्या ऐकता येणे ही त्यामुळे चैन नव्हती, एकमेव वाट होती. ज्याला घरी काही हवे असे तो सोल्डरिंगची कात्री हाती धरी... खरे तर कात्री नव्हे, ते डाग देण्याचे तापते हत्यार; आणि त्याच्या शेजारी मासिकात छापलेला आराखडा. ‘मुसेन तो जिक्केन’ (नावाचा अर्थ ‘बिनतारी आणि प्रयोग’) हे मासिक १९२४ पासून चालू होते. ‘स्टिरिओ साउंड’ १९६६ मध्ये निघाले.

१३/ युद्धपूर्व जपानच्या चित्रगृहांतही वेस्टर्न इलेक्ट्रिकची काही यंत्रे आली होती आणि त्यांची देखभाल केलेले तंत्रज्ञ हयात होते, हे खरे. पण १९७० च्या दशकात या नळ्यांच्या मागे लागलेली बहुसंख्य मंडळी ती नव्हेत. त्यांनी आराखडे वाचले, हातांनी अ‍ॅम्प्लिफायर जोडले, इतर अ‍ॅम्प्लिफायरांशी ताडून पाहिले, आणि मग मत बनवले. याला स्मरणरंजन म्हणता येत नाही. दप्तरखान्यात दुर्लक्षित रुमाल उघडून त्यातला कागद मोलाचा आहे हे ओळखण्यासारखेच हे काम आहे.

१४/ मत बनले तरी वस्तू समुद्रापलीकडे होत्या. ती अडचण अर्थकारणाने दूर केली. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर उतरवण्याचा करार केला. तेव्हा डॉलर साधारण २४० येनला होता. १९८७ च्या अखेरीस तो १२० च्या घरात आला. जपानी ग्राहकासाठी अमेरिकेतली प्रत्येक जुनी वस्तू दोन वर्षांत निम्म्या किमतीची झाली. चित्रगृहांच्या तळघरांत आणि गोदामांत धूळ खात पडलेले कर्णे, ट्रान्सफॉर्मर आणि नळ्या खोक्यांत भरून पूर्वेकडे रवाना झाल्या. रसिकतेचा इतिहास लिहिताना विनिमयदर सोडून देता येत नाही, तो असा.

१५/ अमेरिकेला आपल्याच वस्तूची ओळख पटली ती फिरून आलेल्या वाटेने. जाँ हिरागा याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लॉडिओफिल’ या फ्रेंच मासिकातून जपानी रसिकांचे हे वेड युरोपला सांगितले. अमेरिकेत ‘साउंड प्रॅक्टिसेस’ हे मासिक १९९२ मध्ये निघाले. दरम्यान १९८८ मध्ये ३०० बी चे उत्पादन थांबले होते. पन्नास वर्षे ते चालू राहिले, तेही संगीतासाठी नव्हे, अन्य उपकरणांच्या गरजेसाठी. १९९७ मध्ये त्याच नावाखाली नळी पुन्हा बनू लागली; या वेळी मात्र गिऱ्हाईक संगीतप्रेमीच होते.

१६/ इथवर वाचून कुणी वडिलोपार्जित रेडिओ झटकायला माळ्यावर चढणार असेल, तर जरा थांबावे. जुने ते सारे थोर नसते. त्या काळीही बाजारात सुमार यंत्रांचा सुळसुळाट होता. ती मोडली, फेकली गेली, आणि उरलेल्या मोजक्या उत्तम यंत्रांवरून आपण अख्ख्या युगाला सुवर्णयुग ठरवतो. दगडी वाडे टिकले आणि कुडाच्या झोपड्या गेल्या, म्हणून सगळा पेशवेकाळ वाड्यात राहत नव्हता. शिवाय आज या यंत्रांच्या किमती श्रवणापेक्षा प्रतिष्ठेने ठरतात, आणि सुट्या भागांतून जुळवलेली जोडयंत्रे ‘अस्सल’ म्हणून खपवली जातात. नळीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो, हेही हौशी हातांनी लक्षात ठेवावे.

१७/ दुरुस्तीचा प्रश्न तर थेट गडकोटांच्या वादाशी नाते सांगणारा. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर कालांतराने निकामी होतात. बदलले नाहीत तर यंत्र वाजत नाही, किंवा जळते. बदलले तर ते किती मूळचे राहिले? काही संग्राहक काहीही न बदलता यंत्र काचेआड ठेवतात. काही जण आतले सगळे नवे घालून फक्त पत्र्याची पेटी जुनी ठेवतात. तटबंदीच्या ढासळलेल्या भागात सिमेंट भरणे जितके गैर, तितकेच ‘हात लावायचा नाही’ म्हणून बुरूज कोसळू देणेही गैर. चुन्याने बांधलेल्याला चुना हवा. यंत्राच्या बाबतीत चुना म्हणजे मूळ मूल्याचा, मूळ जागी बसणारा भाग, आणि काय बदलले याची लेखी नोंद. वाजणे हेच ज्याचे काम, ते मुके ठेवून त्याचे जतन झाले असे मानता येत नाही.

१८/ यात महाराष्ट्राचे काय, तर बरेच. आपल्याकडे तबकड्या जपणारे लोक आहेत; ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था मुंबईत १९९० पासून काम करते. तबकडी हा दस्तऐवज आहे हे आता पटू लागले आहे. तो वाचण्याचे यंत्र हाही दस्तऐवजाचाच भाग आहे, हे मात्र अजून पटलेले नाही.

१९/ ‘७८ ची रेकॉर्ड’ हा शब्दप्रयोगच पाहा. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. कंपनीगणिक आणि काळागणिक हा वेग कमी-अधिक असे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी दोनमध्ये गाणारा गवई पांढरी तीनमध्ये ऐकू येतो, लय वाढते, ताना प्रत्यक्षाहून चपळ वाटतात. आणि मग अशा प्रतीवरून एखाद्या घराण्याच्या गायकीबद्दल निबंध लिहिले जातात! वेग सूक्ष्मपणे कमी-जास्त करता येणारे जुने टर्नटेबल ही अशा वेळी हौसेची वस्तू राहत नाही. ते संशोधनाचे साधन असते.

सुईचेही तसेच. जुन्या तबकडीची खाच रुंद. तिला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची. ती या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर तेवढी गोळा करते. ऐकणारा म्हणतो, जुन्या रेकॉर्डी अशाच असायच्या.

२०/ तिसरी गोष्ट याहून कमी ठाऊक आहे. विद्युत ध्वनिमुद्रणात खर्ज दाबून आणि पुढे तार स्वर उचलून मुद्रित करत, आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरने ते उलटे करायचे असे. हे किती दाबायचे आणि किती उचलायचे, याचा सर्वमान्य दंडक १९५४ च्या सुमारास रूढ झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. सॉल मॅरांट्झ याने १९५० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या ‘ऑडिओ कन्सोलेट’वर यासाठीच वेगवेगळ्या बटणांची सोय होती. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे वळण एकच, कायमचे. मोडी लिपीत पेशवेकालीन आणि कंपनीकालीन वळणे वेगळी असतात, आणि एकाच तक्त्यावरून दोन्ही वाचू पाहणारा अडखळतो. इथे तर तक्ताच भंगारात गेलेला.

२१/ ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्या पिढीने हे आवाज पडद्यामागच्या कर्ण्यांतून आणि नळ्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून ऐकले. एकपडदा चित्रगृह बंद पडते तेव्हा वर्तमानपत्रात दर्शनी भागाचे छायाचित्र येते, पहिल्या चित्रपटाचे नाव येते, पडद्यामागे काय होते त्याची ओळसुद्धा येत नाही. भंगारवाला तांब्याचे वजन करतो आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. गावोगावी अजून उभ्या असलेल्या चित्रगृहांतील अशा यंत्रांची निदान छायाचित्रांसह नोंद करणे, त्यांवरील क्रमांक आणि आराखडे टिपून ठेवणे, हे शिलालेखांचे ठसे घेणाऱ्या तरुण मंडळींना जमण्याजोगे काम आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. मालकाची परवानगी आणि एक दुपार लागते.

२२/ जपानमध्ये गोमी यासुसुके नावाचा लेखक होता. आकुतागावा पारितोषिक मिळवलेला, तलवारबाजांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध, आणि संगीतश्रवणाच्या वेडासाठीही तितकाच. टॅनॉय कंपनीचे ‘ऑटोग्राफ’ हे अवाढव्य इंग्लिश स्पीकर त्याने घरी आणले होते, सोबत मॅकिन्टॉशचा नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर. १९८० मध्ये तो वारला. ही यंत्रे पुढे तोक्योच्या नेरिमा प्रभागाच्या, म्हणजे स्थानिक नगर-प्रशासनाच्या, ताब्यात आली. प्रशासनाने ती दुरुस्त करून घेतली. तिथे श्रोत्यांना बोलावून, गोमीच्याच संग्रहातल्या तबकड्या त्याच्याच स्पीकरवर ऐकवण्याचे कार्यक्रम होतात.